वाचकांचे प्रश्न : कवटीच्या तळाची गाठ आणि तिचे नेमके निदान

प्रश्न : सप्रेम नमस्कार, डॉक्टर मॅडम. आम्ही तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहोत. माझे थोरले बंधू, वय ४७, यांचे गेल्या दिवाळीपासून डोके दुखते आणि लांबचे दोन-दोन दिसते. बागेत ओळीच्या टोकाचा खांब त्यांना दोन दिसतो, हातातला घड मात्र एकच दिसतो. आधी चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. मग रक्तातील साखर वाढलेली निघाली, तेव्हा साखरेमुळे डोळ्याची नस दुखावली आहे, तीन महिन्यांत आपोआप सुधारेल, असे सांगण्यात आले. पाच महिने झाले, फरक नाही. आता मिरजेत एमआरआय केला. अहवालात ‘क्लायव्हस या हाडात हाड पोखरणारी गाठ, कॉर्डोमाची शक्यता, अन्य शक्यताही विचारात घ्याव्यात’ असे लिहिले आहे. एक डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करून घ्या. दुसरे म्हणतात, आधी तुकडा काढून तपासा. घरातील वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात की सुई लागली की कॅन्सर पसरतो. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील खांब आणि घडाचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण त्यात निम्मे निदान आहे. डोळ्याचे बुबुळ बाहेरच्या, म्हणजे कानाच्या बाजूला वळवण्याचे काम मेंदूतून निघणारी सहावी नस करते. जवळचे पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, त्यामुळे ही नस दुबळी असली तरी उणीव जाणवत नाही. लांबचे पाहताना मात्र दोन्ही डोळे समांतर ठेवावे लागतात, आणि तिथे दुबळा डोळा मागे पडून एका खांबाचे शेजारी-शेजारी दोन खांब होतात. घरी एक साधी परीक्षा करता येते. कोणताही एक डोळा हाताने झाकला आणि दोन खांबांचा लगेच एक झाला, तर दोष दोन डोळ्यांच्या ताळमेळात, म्हणजे नसेत किंवा स्नायूत आहे. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील, तर दोष बहुधा त्या उघड्या डोळ्यात, मोतीबिंदूत किंवा चष्म्याच्या नंबरात असतो. पहिल्या प्रकारात चष्मा बदलून मूळ आजार हलत नाही.

साखरेविषयी आपल्याला दिलेला सल्ला चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. पन्नाशीपुढच्या मधुमेही किंवा रक्तदाबाच्या रुग्णांत ही नस बारीक रक्तवाहिनी बंद पडल्याने दुखावते आणि साधारण तीन महिन्यांत पूर्ववत होते, हे खरे आहे. मात्र वय पन्नाशीच्या आत असेल, डोके सतत दुखत असेल, गिळताना किंवा बोलताना त्रास होत असेल, जीभ एका बाजूला वळत असेल, चेहरा बधिर वाटत असेल, किंवा तीन महिने उलटूनही फरक नसेल, तर एमआरआय पुढे ढकलू नये. आपल्या बंधूंच्या बाबतीत यातील तीन गोष्टी होत्या. ‘आपोआप बरे होईल’ असे सांगितल्यावर कोणत्या तारखेपर्यंत थांबायचे, हे रुग्णाच्या कागदावर लिहून द्यायला हवे, आणि ते लिहिले नसेल तर घरच्यांनी विचारून घ्यायला हवे.

क्लायव्हस म्हणजे कवटीच्या तळाचे, मध्यभागी असणारे एक उतरते हाड. नाकाच्या पोकळीच्या मागे, घशाच्या वर आणि दोन्ही कानांच्या मधोमध, साधारण अंगठ्याएवढ्या लांबीचे हे हाड मेंदूच्या देठाला पुढून टेकू देते. सहावी नस नेमकी याच हाडाच्या पाठीवरून वर चढत डोळ्याकडे जाते, म्हणून तिथे गाठ वाढली की बहुतेक वेळा पहिली तक्रार दोन-दोन दिसण्याची असते. कॉर्डोमा ही गाठ गर्भावस्थेतील एका अवशेषातून येते. आईच्या पोटात मणका घडण्याआधी बाळाच्या पाठीच्या रेषेत नोटोकॉर्ड नावाची एक मऊ दोरी असते. मणके तयार होताना ती विरून जाते, पण कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत तिच्या काही पेशी हाडात राहून जातात. क्वचित एखाद्याच्या आयुष्यात, पुष्कळ वर्षांनी, त्याच पेशी वाढू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीचे वर्णन जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी १८५७ मध्ये केले होते.

ती किती दुर्मीळ आहे, याचा हिशेब आपल्या भागापुरता मांडून पाहू. परदेशांतील नोंदींनुसार दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे एका माणसाला कॉर्डोमा होतो आणि त्यातील साधारण एक तृतीयांश गाठी कवटीच्या तळाशी असतात. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली आणि सातारा जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख होती. हेच प्रमाण धरले, तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून कवटीच्या तळाचे कॉर्डोमाचे दोनेक रुग्ण वर्षाला निघतील. म्हणजे आपल्याकडील अनुभवी डॉक्टरालाही अशी गाठ उभ्या कारकिर्दीत एक-दोनदाच भेटते. एमआरआय पाहणाऱ्यांनी अहवालात ‘शक्यता’ हा शब्द वापरला, तो टाळाटाळ म्हणून नव्हे, तर प्रामाणिकपणे वापरला आहे.

कारण क्लायव्हसमध्ये गाठ दिसली म्हणजे ती कॉर्डोमाच असते, असे नाही. तिथेच पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या ग्रंथीची गाठ खाली उतरू शकते. तिथेच मायलोमासारखा रक्तपेशींचा आजार हाड पोखरू शकतो. दुसऱ्या अवयवाचा कर्करोग तिथे येऊन बसतो, नाकामागचा कर्करोग मागे पसरतो, आणि मधुमेही रुग्णांत बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्गही हाडापर्यंत पोचतो. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस नाकातून आत कसा शिरतो, हे आपल्या भागाने जवळून पाहिले आहे. क्षयाची गाठही या जागी सापडते.

यातील एका शक्यतेकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तयार करणारी पिट्युटरीची गाठ मोठी झाली की क्लायव्हस पोखरते आणि फोटोत कॉर्डोमासारखी भासू शकते. तिचे निदान साध्या रक्ततपासणीत होते आणि तिचा पहिला उपचार गोळ्यांचा असतो. ही तपासणी न करता ऑपरेशनच्या टेबलावर जाणे म्हणजे टाळता येण्याजोगी कवटीची शस्त्रक्रिया ओढवून घेणे होय. म्हणून आपल्या डॉक्टरांना एवढे आवर्जून विचारा, की प्रोलॅक्टिन आणि पिट्युटरीची इतर संप्रेरके तपासली आहेत का, आणि मायलोमासाठी रक्तातील प्रथिनांची तपासणी झाली आहे का.

फोटोंच्या बाबतीत एमआरआय आणि सीटी हे दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रांत कॉर्डोमा पाण्यासारखा लख्ख पांढरा दिसतो आणि मेंदूचा देठ, नसा व रक्तवाहिन्या यांना तो कुठे टेकला आहे हे कळते. हाड किती पोखरले, त्यात चुन्याचे ठिपके आहेत का, हे मात्र बारीक कापांच्या सीटी स्कॅनमध्येच नीट दिसते. एमआरआय करताना शिरेतून औषध देतात, त्याआधी मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी हवी, बंधूंना मधुमेह असल्याने तर नक्कीच. आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट : फिल्मच्या मोठ्या पिशव्यांवर समाधान मानू नका, स्कॅनची सीडी मागून घ्या. मुंबई-पुण्यातील शल्यचिकित्सक संगणकावर एकेक काप पुढे-मागे करून पाहतात, आणि फिल्मवर मोजकीच चित्रे छापलेली असतात. सीडी नाही म्हणून तोच स्कॅन पुन्हा करावा लागल्याचे मी अनेक रुग्णांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता वडीलधाऱ्यांच्या भीतीविषयी. सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही समजूत बहुतेक गाठींच्या बाबतीत निराधार आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे निदान महिनोन्‌महिने लांबते. परंतु कॉर्डोमाच्या बाबतीत त्या भीतीत सत्याचा एक अंश आहे, आणि तो लपवणे योग्य होणार नाही. ही गाठ जेलीसारखी मऊ असते आणि हत्यार ज्या वाटेने आत गेले, त्या वाटेवर तिच्या पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. यावर उपाय तुकडा न काढणे हा नाही. तुकडा कोणी काढायचा आणि कोणत्या वाटेने काढायचा, हे आधी ठरवणे हा उपाय आहे. जो शल्यचिकित्सक पुढे पूर्ण ऑपरेशन करणार आहे, त्यानेच, शक्यतो नाकातून दुर्बिणीने, त्याच मार्गाने तुकडा घ्यावा. काही रुग्णांत फोटो इतके बोलके असतात की वेगळी बायोप्सी न करता ऑपरेशन सुरू असतानाच तुकडा गोठवून तपासतात. कोणता मार्ग धरायचा हा निर्णय त्या चमूचा आहे, पण तो चमू हे काम नेहमी करणारा असावा.

म्हणून आपल्याला भेटलेल्या दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही माझा आग्रह असा की लगेच, जवळ आहे तिथे ऑपरेशन करून घेऊ नका. कॉर्डोमात पहिली शस्त्रक्रिया ही सर्वांत मोलाची असते. तीत गाठ जितकी निघते, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, आणि अर्धवट काढलेली गाठ दुसऱ्यांदा काढणे फार अवघड जाते. शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार लागतात, आणि मेंदूचा देठ व दृष्टीची नस अगदी शेजारी असल्याने मोठी मात्रा नेमक्या जागी थांबवणारे प्रोटॉन किरण येथे उपयोगी ठरतात. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत ही सोय २०२३ पासून आहे, आणि चेन्नईत एका खासगी केंद्रात २०१९ पासून. नेहमीच्या केमोथेरपीचा या गाठीवर फारसा परिणाम होत नाही. कॉर्डोमा सहसा हळू वाढतो, त्यामुळे योग्य चमूपर्यंत पोचण्यासाठी गेलेले दोन-तीन आठवडे सहसा घातक ठरत नाहीत. मात्र नजर झपाट्याने कमी होऊ लागली, पाणीसुद्धा गिळताना ठसका लागू लागला, तोल जाऊ लागला किंवा नाकातून स्वच्छ पाणी गळू लागले, तर एक दिवसही थांबू नका.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठणे आपल्या भागाला नवे नाही. निघताना एमआरआय आणि सीटीच्या सीडी, रक्ताचे सर्व अहवाल, डोळ्यांच्या तपासणीचे कागद, आधार आणि रेशन कार्ड एकाच फायलीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातील कोणता खर्च बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारा. आणि बंधूंना तोवर मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू देऊ नका. समोरून येणारे एक वाहन त्यांना दोन दिसणार आहे.

प्रश्न : साताऱ्याहून लिहीत आहे. माझ्या आईचे (वय ५८) कवटीच्या तळाच्या गाठीचे ऑपरेशन झाले. पहिल्या प्रयोगशाळेने ‘कॉर्डोमा’ असा अहवाल दिला. दुसऱ्या ठिकाणी त्याच स्लाइड दाखवल्या तर ‘कॉन्ड्रोसार्कोमा, सौम्य श्रेणी’ असा अहवाल आला. दोघांपैकी एक तर चुकलेलेच असणार. आता तिसऱ्याकडे जाऊन बहुमत घ्यावे का? आणि नाव काहीही असले तरी शेवटी दोन्ही कॅन्सरच, मग काय फरक पडतो?

उत्तर : फरक पडतो, आणि बराच पडतो. कॉन्ड्रोसार्कोमा ही कूर्चेतून, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असते तशा लवचिक ऊतीतून येणारी गाठ आहे. कवटीच्या तळाशी असणारी तिची सौम्य श्रेणी योग्य उपचारांनंतर कॉर्डोमापेक्षा पुष्कळ अधिक काळ काबूत राहते. किरणांची मात्रा, पुढील तपासण्यांचे वेळापत्रक, पूर्ण मणक्याचा एमआरआय लागतो का, हे सारे नावावर ठरते. त्याहूनही, आपल्या आईला आणि आपल्याला पुढील वर्षांचा अंदाज बांधायचा आहे, तो चुकीच्या नावावर बांधू नये.

मी गेली अनेक वर्षे सांगलीत पॅथॉलॉजीचेच काम करते, म्हणून हा घोळ कसा होतो हे आतून सांगू शकते. गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर कॉर्डोमा असा दिसतो : निळसर, पातळ खळीसारख्या द्रव्यात पेशींच्या माळा तरंगत असतात, आणि त्यातील काही मोठ्या पेशींच्या पोटात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे भरलेले असतात. कॉन्ड्रोसार्कोमातही तसेच निळसर द्रव्य असते, पेशीही विरळ विखुरलेल्या असतात. तुकडा लहान असेल, किंवा कॉर्डोमाच्या कॉन्ड्रॉइड म्हणजे कूर्चेसारख्या दिसणाऱ्या उपप्रकारातला असेल, तर नुसत्या त्या रंगावरून अनुभवी डोळाही फसतो. यात कोणी हलगर्जीपणा केला, असे लगेच समजू नये.

हा पेच ब्रॅकियुरी नावाच्या तपासणीने सुटतो. ब्रॅकियुरी हे नोटोकॉर्डच्या पेशींच्या केंद्रकात असणारे प्रथिन आहे. ते कॉर्डोमात आढळते आणि कॉन्ड्रोसार्कोमात आढळत नाही, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर या दोन गाठी वेगळ्या ओळखणे पूर्वीइतके अवघड राहिले नाही. सोबत केराटिन हे दुसरे प्रथिन तपासतात. कॉर्डोमात तेही असते, कॉन्ड्रोसार्कोमात नसते. एस-१०० ही तपासणी मात्र दोन्हींत होकारार्थी येऊ शकते, तेव्हा केवळ तिच्यावर निदान टेकवलेले असेल तर ते पुरेसे नाही. कॉन्ड्रोसार्कोमाचा संशय उरला, तर आयडीएच या जनुकातील बदल शोधतात, जो या गाठीत अनेकदा सापडतो आणि कॉर्डोमात सहसा सापडत नाही.

तेव्हा बहुमत घेऊ नका. तिघांनी तीच रंगवलेली स्लाइड पाहिली तर तीन मते मिळतील, पुरावा वाढणार नाही. दोन्ही अहवाल काढून त्यांत ‘ब्रॅकियुरी’ हा शब्द आहे का ते आधी पाहा. नसेल, तर पहिल्या प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा, ज्याला आम्ही पॅराफिन ब्लॉक म्हणतो, तो मागून घ्या. आगपेटीहून लहान अशा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेल्या त्या मेणात आपल्या आईच्या गाठीचा तुकडा आहे, आणि नव्या तपासण्या त्यातूनच नवे पातळ काप काढून होतात. स्लाइड घेऊन गेलात आणि ब्लॉक मागे राहिला, तर पुढच्या प्रयोगशाळेचे हात बांधले जातात. मागताना संकोच करू नका. अर्ज लिहून, पोच देऊन तो नेता येतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र तो ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये डिकीतील उष्णतेने मेण मऊ पडते.

आणखी एक गोष्ट विचारा, जी रुग्णांना कोणी सांगत नाही. तुकड्यात हाड असेल तर तो कापता यावा म्हणून त्यातील चुना काढून टाकावा लागतो. तीव्र आम्लात हे काम लवकर होते, पण त्यात प्रथिने आणि जनुके खराब होऊन ब्रॅकियुरीची तपासणी खोटा नकार देऊ शकते. ज्या ब्लॉकमध्ये मऊ भाग आम्लाविना ठेवला आहे, त्याच ब्लॉकवर तपासणी करावी, एवढे प्रयोगशाळेला कळवा. ज्यांचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे, त्यांनी शल्यचिकित्सकांना आधीच विनंती करावी की मऊ तुकडे आणि हाडाचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत, दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये पाठवावेत.

शेवटी, स्लाइड फोटोंपासून तोडून वाचू नये. कॉर्डोमा बहुधा अगदी मध्यरेषेवर असतो, कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा एका बाजूला, क्लायव्हस आणि कानाचे हाड जिथे जुळतात तिथून निघतो. आईचे ऑपरेशनपूर्वीचे एमआरआय आणि सीटी ब्लॉकसोबतच द्या.

प्रश्न : माझ्या मुलीने (वय २६) अर्धशिशीसाठी कराडमध्ये एमआरआय केला. त्यात क्लायव्हसच्या मागे ७ मिलिमीटरचा ठिपका दिसला आणि ‘एकॉर्डोसिस फिसॅलिफोरा असावा’ असे लिहिले. इंटरनेटवर कॉर्डोमाविषयी वाचून घरात कोणी जेवत नाही. तिचे लग्न ठरत आहे.

उत्तर : नोटोकॉर्डचा जो अवशेष मी पहिल्या उत्तरात सांगितला, तोच शांत, न वाढणाऱ्या स्वरूपात राहिला तर त्याला हे लांबलचक नाव आहे. शवविच्छेदनांत असा अवशेष सुमारे दोन टक्के माणसांत आढळला आहे. म्हणजे तो बाळगत पूर्ण आयुष्य जगलेली माणसे पुष्कळ आहेत, ज्यांना त्याचा कधी पत्ताही लागला नाही. ठिपका लहान असणे, शिरेतून दिलेले औषध त्याने न शोषणे, आसपासचे हाड पोखरलेले नसणे आणि त्या जागेच्या नसांची कोणतीही तक्रार नसणे, या चारही गोष्टी आपल्या मुलीच्या बाबतीत जुळत असतील तर तुकडा काढण्याचे कारण नाही. औषध देऊन चित्रे घेतली नसतील तर ती घ्यावीत, हाडासाठी एक सीटी करावा आणि सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा एमआरआय करून मापे ताडून पाहावीत. बदल नसेल तर पुढील अंतर डॉक्टर वाढवत नेतील. अर्धशिशीचा या ठिपक्याशी संबंध असण्याची शक्यता फार कमी आहे आणि तिच्यावर वेगळे उपचार चालू ठेवावेत. लग्नासाठी थांबण्याचे वैद्यकीय कारण मला दिसत नाही.

प्रश्न : विट्याहून. माझ्या पतींना क्लायव्हसचा कॉर्डोमा आहे. हा मोबाइलमुळे झाला का? शेतातील फवारणीमुळे? आणि आमच्या दोन मुलांना होईल का?

उत्तर : मोबाइलशी किंवा फवारणीशी या गाठीचा संबंध सिद्ध झालेला नाही. फवारणी करताना तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेतच, पण ते इतर कारणांसाठी. तुमच्या पतींनी काही केले किंवा करायचे राहिले म्हणून ही गाठ झाली नाही, हे त्यांना कृपया तुमच्या तोंडून सांगा, कारण असे रुग्ण स्वतःला दोष देत बसतात, असा माझा अनुभव आहे. कॉर्डोमा एकाच घरातील अनेकांना झाल्याची जगभरात मोजकीच कुटुंबे आहेत, आणि अशा काही कुटुंबांत ब्रॅकियुरी बनवणारे जनुक दुप्पट झाल्याचे २००९ मध्ये आढळले. तुमच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला ही गाठ झालेली नसेल, तर मुलांचे स्कॅन किंवा जनुकीय तपासण्या करण्याची गरज नाही.